लीझेलचा रविवार

तैवानमधल्या काऊशुंगच्या त्या बागेत दुपार कलली की व्हीलचेअरींची रांग लागायची. म्हाताऱ्यांना वडाच्या सावलीत एका ओळीत बसवायचं, मांडीवर टॉवेल टाकायचा, पाण्याची बाटली हाताशी ठेवायची आणि मग मागे उभं राहून आपापल्या भाषेत मनसोक्त बोलून घ्यायचं, हा परदेशातून येऊन त्यांना सांभाळणाऱ्या बायकांचा रोजचा तासभर. एडिता बायाकेन त्या बायकांतली सगळ्यात जुनी. नवी मुलगी आली की आधी तिच्याकडे यायची. कुठल्या घरी पोटभर जेवण मिळतं, कुठली सून जिभेची तिखट आहे, औषधांच्या दुकानात काय म्हणायचं, सगळं एडिताला विचारायचं. चिनी तर ती अशी बोलायची की फोनवर ऐकणाऱ्याला ती इथलीच वाटावी. तिच्या गावाकडच्या डोंगरातल्या मुली तिला मनांग म्हणायच्या, म्हणजे थोरली बहीण. हा मान एडिताला आवडायचा. तो तिने वर्षानुवर्षं राबून कमावला होता.

ती ज्या आमाला, म्हणजे म्हाताऱ्या आजीला, सांभाळायची तिची मुलगी दर उन्हाळ्यात कॅनडाहून यायची आणि तेवढ्यात एडिताला गावी जाऊन येता यायचं. त्यामुळे स्वतःच्या मुलीचे, जोनालिनचे, वाढदिवस तिला मिळाले होते, गावची जत्रा मिळाली होती, पण ख्रिसमस कधी मिळाला नव्हता. नवरा गेला तेव्हा जोनालिन चालायला लागली होती. आता ती कॉलेजात जायच्या वयाची झाली, आणि मधले सगळे ख्रिसमस एडिताने पंख्याखाली घाम पुसत काढले होते. तिचं गाव मनिलापासून दूर उत्तरेला, ला त्रिनिदादच्या वर, पार उंचावर. डिसेंबरात तिथे कोबीच्या पानांवर दव गोठायचं आणि सकाळी बोलताना तोंडातून वाफ यायची. काऊशुंगमध्ये दुकानदार काचेवर कापसाचा बर्फ चिकटवायचे आणि अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात बाहेर उभे राहायचे. एडिताला त्याचं हसू येणं कधीच बंद झालं होतं.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता तिच्या आईचा, नानांगचा, फोन आला. "लीझेल येतेय तुझ्याकडे. तुझ्या जवळच काम मिळालंय. आपलीच पोर आहे, तिला सांभाळ."

लीझेल म्हणजे घरची भाडेकरू. दोन वर्षं ती शिकायला म्हणून ला त्रिनिदादला होती आणि एडिताच्या खोलीत राहत होती. ती खोली एडितानेच पैसे पाठवून बांधून घेतली होती, डोंगराकडे उघडणाऱ्या मोठ्या खिडकीची. रिकामी ठेवण्यापेक्षा कोणी राहिलं तर बरं, असं तिनेच आईला सुचवलं होतं. तरी तो 'आपलीच' शब्द फोन ठेवल्यावरही तिच्या कानात राहिला.

लीझेल बागेत आली ती एका आडदांड आकोंगची, म्हणजे म्हाताऱ्या आजोबांची, खुर्ची ढकलत, घामाने निथळत. तिने खुर्चीचा ब्रेक लावला आणि थेट एडिताच्या गळ्यात पडली.

"मनांग, मी तुमच्या खोलीत राहायचे. तुमच्या पलंगाचा डावा पाय कुरकुरतो ना, त्याखाली मी पुठ्ठा घातला. आता नाही कुरकुरत."

एडिताला तो पलंग कुरकुरतो हे माहीतच नव्हतं. सगळे उन्हाळे मिळून ती त्यावर झोपली असेल ते किती दिवस.

"बरं केलंस," ती म्हणाली.

लीझेलने पिशवी काढली. नानांगने पाठवलेली घरची कॉफी होती, शेंगदाण्याची चिक्की होती, जोनालिनचा एक फोटो होता. एडिताने पिशवी उलटी करून पाहिली. दर ख्रिसमसला नानांग स्वतःच्या हाताने विणलेला स्वेटर पाठवायची. तो काऊशुंगमध्ये घालण्यासारखा नसायचा. सगळे स्वेटर एडिताच्या कपाटात एकावर एक पडले होते, एकही धड मळलेला नव्हता. तरी यायचा.

"स्वेटर नाही दिला?"

"नानांग म्हणाल्या, तिकडच्या उकाड्यात काय करायचंय तिला. आणि आता त्यांना टाके नीट दिसत पण नाहीत ना."

पुढच्याच रविवारी चर्चमध्ये एसी जोरात होता म्हणून लीझेलने पिशवीतून स्वेटर काढून घातला. बाटलीसारखा हिरवा, बाह्यांवर पांढरी नागमोड. ती नागमोड नानांग फक्त एडितासाठी काढायची. प्रार्थनाभर एडिताची नजर त्या बाहीवर होती. एका ठिकाणी टाका सुटला होता. तेवढं पाहून तिला जरा बरं वाटलं, आणि मग तसं वाटल्याची लाज वाटली, पण बरं वाटलेलं काही गेलं नाही.

नवल असं की एडिताला लीझेल डोळ्यांसमोर नको असायची, आणि बागेत तिला यायला उशीर झाला की जिवाची तगमगही व्हायची. घरचं विचारायला दुसरं होतं कोण? नानांग फोनवर सगळं बरं आहे एवढंच सांगायची. जोनालिन हो, नाही, चालेल, एवढ्यावर भागवायची. लीझेलला मात्र घराचा कोपरा न् कोपरा पाठ होता आणि ती मनापासून सांगायची. एडिता रोज विचारायची आणि रोज उत्तर ऐकून जळायची.

"समोरचा अवोकाडो या वर्षी लागला का गं?"

"तो तर तोडला ना, मनांग. मागच्या वादळात कलला होता. तुम्हाला नाही सांगितलं?"

"सांगितलं असेल. माझ्याच लक्षात नसेल."

दुसऱ्या दिवशी कळलं की जोनालिनला चष्मा लागलाय. "फोनवर बोलताना काढून ठेवते. म्हणते, ममाला उगीच काळजी." तिसऱ्या दिवशी कळलं की जोनालिन झोपेत बोलते. एडिताच्या पोटची पोर, आणि ती झोपेत काय बोलते हे तिला एक परकी मुलगी बागेत उभी राहून सांगत होती.

"आणि मागचा ख्रिसमस?" एकदा तिने विचारलंच. विचारू नये हे तिला ठाऊक होतं.

"काय थंडी होती, मनांग. नानांगनी कोंबडी केली होती, चुलीवर, धूर दिलेलं डुक्कर घालून. रात्री सगळ्या एकाच खोलीत झोपलो, तुमच्या. एका बाजूला नानांग, एका बाजूला जोनालिन, आणि मध्ये मी. दोघी माझं पांघरूण ओढत होत्या."

एडिता हसली. आमाच्या मांडीवरचा टॉवेल नीटच होता, तो तिने पुन्हा नीट केला. मध्ये मी. ते दोन शब्द तिला रात्रभर पुरले.

तैवानमध्ये ख्रिसमसच्या दिवशी त्यांना सुट्टी मिळत नसे. तो दिवस इतरांसारखाच, म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचा. म्हणून डोंगरातल्या बायका ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी चर्चमागच्या हॉलमध्ये जमायच्या. घरून आणलेली वाद्यं वाजवायच्या, गोल धरून नाचायच्या, गावच्या चर्चला फोन लावायच्या आणि पडद्यावर घरच्यांना पाहून रडून घ्यायच्या. वर्षभर त्या या एका रविवारवर जगायच्या. एडिताची सुट्टी आमाच्या मुलाने कधीच कबूल केली होती. प्रश्न लीझेलचा होता. तिला चिनी जेमतेम येत होतं, आणि आकोंगची सून, त्साय बाई, भराभर बोलायची.

"मनांग, तुम्ही बोलाल का माझ्यासाठी?" लीझेल म्हणाली. "मला नीट मागताच येत नाही. मी तोंड उघडलं की त्या मोठ्याने बोलायला लागतात, जणू मी बहिरी आहे."

"बोलेन की. त्यात काय."

आणि ती खरंच बोलणार होती. हे सांगायलाच हवं. त्साय बाई एका संध्याकाळी स्कूटरवरून आकोंगचं औषध द्यायला बागेत आली, तेव्हा एडिताने मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती. पोरगी नवी आहे, पहिलाच ख्रिसमस आहे, एवढा एक दिवस सोडा, आकोंगला बघायला मी कोणाला तरी पाठवते.

त्साय बाईने हेल्मेट न काढताच विचारलं, "ही मला रविवारचं काहीतरी सांगत होती. सुट्टी हवी आहे का हिला? मला खरं म्हणजे त्या दिवशी माहेरी जायचंय. पण हिच्या सणाचं असेल तर मी माझं पुढे ढकलते. मला नक्की सांग, हिला फार महत्त्वाचं आहे का?"

तेवढ्यात लीझेलचा फोन वाजला. पडद्यावर जोनालिनचा चेहरा होता, चष्म्यासकट. लीझेलने पटकन उचलून हळू आवाजात सांगितलं, "नंतर करते गं, राणी. तुझ्या ममाशी बोलतेय. हो, हो, ते पण सांगते. ठेव आता." आणि हसत फोन खिशात टाकला.

एडिताचा फोनही तिच्या खिशातच होता. तो त्या आठवड्यात एकदाही वाजला नव्हता.

"तसं काही नाही," ती त्साय बाईला म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "गरज नाही. नवीन वर्षात कधीतरी दिली तरी चालेल. तुम्ही जा माहेरी."

"नक्की ना?"

"नक्की."

लीझेल दोघींकडे आळीपाळीने पाहत होती, आशेने, ओठ किंचित उघडे ठेवून. त्साय बाई तिच्या खांद्यावर थोपटून निघून गेली.

"काय म्हणाल्या?"

"मी खूप सांगून पाहिलं," एडिता म्हणाली. "त्यांना माहेरी जायचंय. ऐकतच नाहीत."

लीझेलने मान खाली घातली. म्हणाली, "तुम्ही प्रयत्न केलात, मनांग. थँक्यू." मग तिने आकोंगची खुर्ची वळवली आणि रोजच्यापेक्षा लवकर निघून गेली.

घरी आल्यावर एडिता आमाचे पाय कोमट पाण्यात धूत होती. आमा दिवसातला बराच वेळ डोळे मिटून असायची. मुलाला वाटायचं की तिला आता फारसं कळत नाही.

"त्या पोरीची सुट्टी का खाल्लीस?" आमाने विचारलं.

एडिताच्या हातातला साबण पाण्यात पडला. "तुम्ही झोपला होतात ना?"

"मी डोळे मिटले होते. कान कुठे मिटले होते? ती म्हणते पुढे ढकलते, तू म्हणतेस गरज नाही. मला सगळं ऐकू आलं."

एडिता साबण शोधत राहिली.

"मला लाल घेवड्याचं पुरण भरलेला तो पाव आणून दे," आमा म्हणाली. "कोपऱ्यावरच्या दुकानातला."

"तुमची साखर वाढलीय. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"बरं. मग उद्या बागेत मी त्या पोरीशी चार गप्पा मारते."

"तिला तुमची भाषा येत नाही."

"तिच्या बाईला येते."

दुसऱ्या दिवशी एडिताने पाव आणला आणि अर्धाच दिला. आमाने तो डोळे मिटून, चवीने, बोळक्या तोंडात घोळवत खाल्ला. मग बोटं चाटत म्हणाली, "माझी धाकटी जाऊ फार गुणाची होती. सासू तिच्याशिवाय पाणी प्यायची नाही. तिने पहिल्यांदा सगळ्या घराला जेवण केलं, तेव्हा मी तिच्या मासळीत मागून मूठभर मीठ टाकलं."

"मग?"

"मग काय. सगळ्यांनी खाल्ली. सासऱ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. कोणाला कळलंच नाही. तेच मला जास्त झोंबलं." आमाने उरलेल्या अर्ध्या पावाकडे पाहिलं. "तो कोणासाठी ठेवलास?"

रविवार उजाडला तो लख्ख उन्हाचा. हॉलमध्ये पंखे गरागरा फिरत होते आणि हाताने विणलेले जाड लुगड्यासारखे पट्टे कमरेला गुंडाळून बायका घामाघूम झाल्या होत्या. मोठ्या पातेल्यात एडिताने दर वर्षीसारखी कोंबडी शिजवली होती. धूर दिलेलं डुक्कर मात्र इथल्या दुकानातलं, त्याला घरची चव नव्हती. तिने चमच्याने रस्सा चाखला आणि तिला वाटलं, लीझेलने मागच्या वर्षी खरा खाल्ला असेल.

जेवणाआधी गावच्या चर्चला फोन लागला. पांढऱ्या भिंतीवर तिकडचं चित्र उमटलं आणि हॉलभर एकच गलका झाला. तिकडे सगळे जाडजूड जॅकेटांत होते, कानटोप्यांत होते, हातात वाफाळते पेले धरून. पोरं मुद्दाम कॅमेऱ्याजवळ येऊन तोंडातून वाफ सोडत होती. एडिताची पाळी आली. नानांग पुढे आली, शालीत गुरफटलेली, आणि तिच्या मागे जोनालिन. चष्मा काढलेला होता.

"ख्रिसमसच्या शुभेच्छा, नानांग," एडिता म्हणाली. "जोनालिन, चष्मा घाल. मला माहीत आहे."

जोनालिनने निमूट चष्मा घातला आणि डोळे बारीक करून हॉलमधले चेहरे शोधायला लागली. "मनांग लीझेल कुठाय? दिसत नाही."

"तिला सुट्टी नाही मिळाली."

"नाही मिळाली? तू नाही बोललीस त्यांच्याशी? तू तर म्हणतेस, तिथे तुझा शब्द कोणी खाली पडू देत नाही."

मागे उभ्या असलेल्या बायकांतलं कोणीतरी हसलं. एडिताचे कान तापले. "बोलले. नाही ऐकलं त्यांनी."

"अरेरे," नानांग म्हणाली आणि पडद्याच्या आणखी जवळ आली, इतकी की तिचं फक्त कपाळ आणि एक डोळा दिसायला लागला. त्या डोळ्यावर दुधासारखा पापुद्रा आलेला एडिताने पहिल्यांदाच पाहिला. "रडत असेल गं पोर एकटी. पहिलाच ख्रिसमस तिचा. तुझा पहिला आठवतो? तू फोन धरून नुसती हुंदके देत होतीस, आणि मी इकडे सगळ्यांसमोर हसत होते, लोक बघतात म्हणून. मग घरी आल्यावर माझ्या घशाखाली घास नाही उतरला. तेव्हा तिथे तुझं कोणी नव्हतं. हिला तरी तू आहेस, म्हणून मी धीर करून सोडलं तिला."

"मी बघते," एवढंच एडिता म्हणाली. पाठीमागची बाई आपल्या नवऱ्याला पाहायला उतावीळ झाली होती, ती पुढे सरकली आणि नानांगचं कपाळ भिंतीवरून गेलं.

एडिताने दोन डबे भरले. एकात भात, एकात कोंबडी. कोणाला काही न सांगता ती हॉलमधून बाहेर पडली. बाहेर ऊन एवढं होतं की डांबराचा वास येत होता. त्साय बाईचं घर दोन बस थांबे पुढे. ती चालतच गेली. वाटेत तिने तीनदा परत फिरायचं ठरवलं.

दार त्साय बाईनेच उघडलं. तिचं माहेरचं जेवण सकाळीच आटपलं होतं आणि ती परत आली होती. आत लीझेल आकोंगला भरवत होती. एडिताला पाहून ती उभी राहिली, चमचा हातात तसाच.

"बाई, हिला संध्याकाळपर्यंत सोडा," एडिता म्हणाली. "मी बसते आकोंगपाशी. मला सगळं करता येतं."

"पण तूच म्हणालीस तिला गरज नाही."

"मी चुकीचं सांगितलं."

"चुकीचं?" त्साय बाईने भुवया उंचावल्या. "माझ्या मुलापेक्षा तुझं बोलणं स्वच्छ आहे. चुकीचं कसं सांगशील?"

एडिताने डबे टेबलावर ठेवले. "खोटं सांगितलं. हिला यायचंच होतं. मला ती यायला नको होती."

त्साय बाई तिच्याकडे बघत राहिली. एडिताला वाटलं, आता ही आमाच्या मुलाला फोन करणार, म्हणणार, तुमची बाई विश्वासाची नाही. पण त्साय बाईने फक्त एक खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मी माझं जाणं पुढे ढकलणार होते. तुला सांगितलं होतं तसं."

"हो."

"माझ्या हातून त्या पोरीवर अन्याय करवलास तू. मी रात्री नवऱ्याला म्हटलं, बघ, किती समजूतदार पोरगी आहे." मग तिने लीझेलला हातानेच खूण केली, जा, जा, आणि स्वतः आतल्या खोलीत निघून गेली.

"त्यांनी सोडलं," एडिता लीझेलला म्हणाली. "जा लवकर. नाच आता सुरू होईल. एखादीला सांग, पुन्हा फोन लावून देईल."

लीझेलने काही विचारलं नाही. तोंड धुतलं, केस बांधले आणि गेली. जिन्यात तिची पावलं धावत उतरताना ऐकू आली.

आकोंग जड होता आणि हट्टी होता. अनोळखी हाताने खायचं नाही म्हणून त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. एडिताने त्याला गोडीगुलाबीने चार घास भरवले, तोंड पुसलं, कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी दिली. मग ती खिडकीपाशी बसली आणि फोन उघडला. हॉलमधून कोणीतरी नाच थेट दाखवत होतं. मुली गोल धरून, हात पंखांसारखे पसरून, हळूहळू पुढे सरकत होत्या. त्यात लीझेल होती. डोळे सुजलेले, तोंडभर हसू. कोणीतरी तिच्यासमोर दुसरा फोन धरला होता आणि ती त्या फोनकडे बघून नाचत होती. तो फोन कोणाचा, पलीकडे कोण आहे, हे एडिताला न सांगता कळलं.

चांगलं काम केल्यावर जीव हलका होतो म्हणतात. एडिताला तसलं काही वाटलं नाही. तिला वाटलं, आत्ता धावत जावं आणि त्या गोलातून हिला हाताला धरून बाहेर काढावं. तिने फोन पालथा ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा सुलटा केला.

दिवे लागता लागता लीझेल परत आली. तिने चपला काढल्या, आकोंगची उशी तपासली, पाण्याचा पेला पाहिला. एडिताने सगळं नीट केलं होतं.

"लीझेल, मला तुला एक सांगायचंय."

"माहीत आहे मला, मनांग."

"काय माहीत आहे?"

"बुयोंग," लीझेल म्हणाली. "गरज नाही. हा शब्द आम्हाला प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवला होता. त्या दिवशी बागेत तुम्ही तोच म्हणालात."

एडिता खाली बसली. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलू? नानांगनी मला तुमच्या भरवशावर पाठवलंय. त्यांना सांगू, तुमच्या मुलीने असं केलं?" लीझेलचा आवाज चढला नव्हता, पण तिचे हात आकोंगच्या चादरीची कड उगीच आवळत होते. "आणि मला राग आला होता. खूप. रात्री वाटलं, जोनालिनला सगळं सांगून टाकावं. तिचा नंबरही लावला. मग कापला."

"का कापलास?"

"तुम्हाला काय वाटतं, मनांग, त्या घरात मी राणीसारखी राहत होते? नानांग मला हाक मारायच्या ती आधी तुमच्या नावाने. मग जीभ चावायच्या. रोज. एडिताला हे आवडतं, एडिता असं चिरते, एडिताचे खांदे रुंद आहेत, हा स्वेटर तिच्या मापाने विणला होता पण टाके सुटले, आता दिसत नाही नीट, तू घे. माझी आई कुवेतला आहे. तिने तिकडेच दुसरं लग्न केलं. मला दोन वर्षं कोणाच्या तरी जागी बसून जेवायला मिळालं. जेवले मी. पण जागा तुमचीच होती, हे मला कधी विसरू दिलं नाही कोणी."

एडिताने तिच्या हाताकडे हात नेला. लीझेलने हात मागे घेतला. झिडकारल्यासारखा नाही, पण घेतला.

"मी घरी सांगणार नाही," ती म्हणाली. "पण यापुढे माझं मी बोलेन. मोडकंतोडकं बोलेन. तुम्ही माझ्यासाठी नका बोलू."

"बरं," एडिता म्हणाली.

"कोंबडी चांगली झाली होती," लीझेल चादर सारखी करत म्हणाली. "घरच्यासारखी नाही. पण चांगली होती."

प्रत्यक्ष ख्रिसमसच्या दिवशी बाग नेहमीसारखीच भरली. ऊन नेहमीसारखंच होतं. लीझेलने आपली खुर्ची एडिताच्या शेजारी लावली नाही, दोन खुर्च्या सोडून लावली. तरी येताना एडिताच्या हातात एक संत्रं देऊन गेली. आमा डोळे मिटून बसली होती, आणि तिचे कान उघडे आहेत हे एडिताला आता माहीत होतं.

दुपार सरत असताना एडिताचा फोन वाजला. जोनालिन होती. अंगणातल्या पायरीवर बसली होती, जॅकेटची टोपी डोक्यावर ओढून, चष्मा घालून.

"ममा, एकटी आहेस का?"

"आमा आहे. बोल."

"तुला एक सांगू? नानांगला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही." तिने मागे वळून पाहिलं. "मला इकडे ला त्रिनिदादला नाही शिकायचं. मी मनिलाच्या कॉलेजची परीक्षा दिली होती, गुपचूप. पास झाले. नानांगला एकटं कसं सोडू, म्हणून कोणालाच बोलले नाही. काय करू मी?"

एडिताने फोन कानाशी घट्ट धरला आणि वडाच्या पलीकडे, जिथे कोणी नव्हतं, तिथे चालत गेली. ती किती तरी वेळ बोलली. नानांगच्या डोळ्याचं काय करायचं, पुढच्या उन्हाळ्यात आपण तिघी बसून काय ठरवायचं, मनिलात राहायचं कुठे, सगळं बोलली. जोनालिन हो, नाही, चालेल, यावर थांबली नाही. ती वाद घालत होती, मधेच हसत होती.

"लीझेलला सांगितलंस?" शेवटी एडिताने विचारलं. सहज विचारल्यासारखं.

"नाही. तिला पण नको सांगू एवढ्यात. ती नानांगला सांगेल."

"नाही सांगत तिला."

ती परत आली तेव्हा लीझेल तिच्याकडेच बघत होती. तिच्या मांडीवर फोन पालथा पडला होता.

"जोनालिनचा होता ना, मनांग? एवढा वेळ? काय म्हणत होती?"

"काही नाही," एडिता म्हणाली. "असंच आपलं." तिने आमाच्या मांडीवरचा टॉवेल उचलून झटकला, आणि लीझेलच्या चेहऱ्यावर क्षणभर जे दिसलं ते तिला चांगलंच ओळखीचं वाटलं. मग तिने संत्रं सोललं, आमाला दोन फोडी दिल्या आणि उरलेलं अर्धं लीझेलपुढे धरलं.